माउंट बँक्सची धार: जुने फोटो बघून जाऊ नका

ऑस्ट्रेलियात सिडनीजवळच्या ब्लू माउंटन्समधल्या वसंताचे (सप्टेंबर ते नोव्हेंबर) जे फोटो अजून फिरत असतात, त्यांतले बरेचसे आगीनंतरच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षातले आहेत. काळी जमीन, मोकळ्या कपारी, घोट्याएवढी पालवी आणि त्यात गुलाबी फ्लॅनेल फ्लॉवरचे गालिचे. ते बघून गट काढलात तर फसगत ठरलेली. आम्ही तिथल्या माउंट बँक्स डोंगरावर गेलो तेव्हा धारेवर छातीएवढं रान होतं, पायवाट गायब होती आणि ते गुलाबी फूल औषधालाही नव्हतं.

कारण साधं आहे. डिसेंबर २०१९मध्ये माउंट विल्सनजवळ मोठा वणवा रोखण्यासाठी लावलेली आगच हाताबाहेर गेली. ती बेल्स लाइन ऑफ रोड ओलांडून माउंट टोमा, बिलपिन आणि ग्रोस दरीत घुसली. गुलाबी फ्लॅनेल फ्लॉवरचं बी जमिनीत पडून राहतं आणि आग होऊन वर पाऊस झाला की उगवतं. २०२०-२१च्या उन्हाळ्यात त्याचा बहर आला आणि झुडपं वाढली तसा तो ओसरला. ते वसंतातलं फूलही नव्हे. त्यामुळे जळलेल्या रानात फुलं बघायला जाताना पहिला प्रश्न महिन्याचा नाही, आग होऊन किती वर्षं झाली याचा. कासच्या हिशोबाने इथे चालू नका.

आता वाटेबद्दल. पिकनिकच्या जागेपासून बंद फाटकाच्या मागे फायर ट्रेल, म्हणजे आग विझवणाऱ्या गाड्यांसाठीचा कच्चा रस्ता, सुरू होतो. थोड्याच अंतरावर माथ्याकडे जाणारी पायवाट त्यातून फुटते आणि खडकाळ धारेवरून चढते. माथा हजार मीटरच्या थोडा वर आहे. चढ अजिबात अवघड नाही, अवघड आहे ते रान. हीथ बँकसिया आगीत मुळासकट मरते आणि नंतर बियांतून दाट उगवते. तिच्यात सुईच्या पानांची हेकिया आणि तीन-तीन टोकदार पानांची माउंटन डेव्हिल मिसळलेली असते. लेगिंग्ज घालून त्यात शिरणं म्हणजे करवंदीच्या जाळीत शिरणं. जाड विणीची पूर्ण पँट, पोटरीवर गेटर (बुटावरून चढवायचं जाड आवरण), बागकामाचे चामडी हातमोजे आणि डोळ्यांना कसला तरी चष्मा एवढं हवंच. महागडं रेन जॅकेट बाहेर काढू नका, फाटेल.

हिरव्या पानांपेक्षा जास्त इजा करतात ते आगीत मेलेल्या झुडपांचे खुंट. बोटाएवढे जाड, करडे पडलेले, टोकाला तिरपे मोडलेले. नव्या पालवीच्या आत ते दिसत नाहीत आणि नेमके मांडीत किंवा डोळ्याच्या उंचीवर घुसतात. म्हणून दोघांत तीन मीटर अंतर ठेवा. पुढच्याने सोडलेली फांदी मागच्याच्या तोंडावर बसते, हे दहा वेळा सांगूनही लोक चिकटून चालतात.

चुकायचं कुठे तेही सांगतो. वाट उघड्या खडकावर आली की समोर तीन-चार मोकळ्या फटी दिसतात आणि सगळ्यात रुंद फट हमखास खोटी निघते. ती पावसाच्या पाण्याने केलेली असते आणि वीसेक पावलांवर कड्याच्या बाजूला उतरायला लागते. नजर फटीवर नको, पायाशी हवी: झिजलेला दगड, दगडी पायरी, पूर्वी करवतीने कापलेला बुंधा. दहा पावलांत यातलं काहीच दिसलं नाही तर थांबा. शेवटच्या माणसाने खात्रीच्या जागेवरून हलायचंच नाही, बाकीच्यांनी त्याच्याकडे परत यायचं. गट आठाच्या वर नको. नेहमी सांगितल्या जाणाऱ्या वेळेच्या दुप्पट वेळ धरा. १८०४मध्ये वनस्पती गोळा करणारा जॉर्ज केली अशाच रानातून इथे पोचला होता. त्याने किती शिव्या घातल्या असतील, याची पुरेपूर कल्पना येते.

आणि तरीही जा! वाराटा पाहिल्यावर ओरखडे विसरायला होतं. ती जमिनीखालच्या गाठीतून फुटते. आगीनंतरच्या पहिल्या वसंतात तिला फुलं नसतात, ती पुढे येतात. सरळ दांड्यावर मुठीपेक्षा मोठा लालभडक गेंद, खाली पाकळ्यांसारखी दिसणारी लाल पानं. जवळून बघितलं की कळतं, तो गेंद म्हणजे हुकासारखी वाकलेली शेकडोभर छोटी फुलं आहेत. बोरोनिया, पिवळी-तांबडी शेंगवर्गीय फुलं, जमिनीसरपट ग्रेव्हिलिया हेही भरपूर. सन ऑर्किड मात्र ढगाळ किंवा गार दिवशी मिटलेलंच राहतं, त्यामुळे ऊन असेल तो दिवस निवडा आणि अकरा ते तीनमध्ये धारेवर असा. एवढ्या उंचीवर ऑक्टोबरचा मध्य सर्वांत चांगला. सप्टेंबर लवकर होतो. फूल तोडणं आणि वाट करायला फांद्या छाटणं, दोन्ही बेकायदेशीर आहे.

माथ्यावर बेसॉल्टची टोपी आहे आणि तिथे अचानक उंच झाडांचं जंगल लागतं. सावली बघून लगेच डबे उघडू नका. जळून वाळलेल्या फांद्या अजून वर अडकलेल्या असतात आणि वाऱ्याशिवायही पडतात. जेवण अलीकडच्या खडकांवर करा, ग्रोस दरीही तिथूनच दिसते. जोराचा वारा असेल तर माथा सोडून द्या.

उतरताना पलीकडून फायर ट्रेल गाठून परत या. पुन्हा धारेवरून उतरू नका: वरून बघताना रानात वाट मुळीच कळत नाही. ट्रेलवर सांगण्यासारखं काही नाही. दहा वर्षांखालची मुलं किंवा गुडघे दुखणारे आईवडील बरोबर असतील तर दोन्ही वेळा ट्रेलच.

पाणी माणशी तीन लिटर, वर थेंब नाही. सापांचा हंगाम सुरू झालेला असतो, म्हणून दहा सेंटिमीटर रुंदीचे किमान दोन इलॅस्टिक पट्टे गटात हवेत. चावा धुवायचा नाही, कापायचा नाही. सगळा हात किंवा पाय घट्ट बांधून, आधार देऊन माणसाला हलू न देता ००० या आणीबाणीच्या नंबरला फोन. फोनला रेंज मिळेलच असं नाही. आणीबाणीचा बीकन (उपग्रहामार्फत मदतीचा इशारा पाठवणारं छोटं यंत्र) कटूंबा पोलीस ठाण्यातून किंवा ब्लॅकहीथच्या उद्यान केंद्रातून फुकट मिळतो, आदल्या दिवशी घ्या. १ ऑक्टोबरपासून वणव्याचा हंगाम धरला जातो. टोटल फायर बॅन (उघड्यावर आग पेटवायला पूर्ण बंदी) असेल तर चहाची शेगडी पेटवायची नाही.

सिडनीच्या वेस्टमीड, वेंटवर्थव्हिल उपनगरांतून रिचमंड, कुराजाँग, बिलपिन करत दीड-पावणेदोन तास लागतात. सार्वजनिक वाहन नाही. टोमाच्या वनस्पती उद्यानात स्वच्छतागृह वापरून घ्या, पुढे भरवसा नाही. टोमानंतर डावीकडचं कच्चं वळण लहान आहे, वेगात निसटतं. प्रवेशशुल्क नाही, त्यामुळे इथल्या 'फुलांच्या सफरी'साठी कुणी माणशी शंभर डॉलर मागत असेल तर तो फक्त गाडीचे पैसे घेतोय असं समजा.

गाडीत बसण्याआधी बूट ब्रशने कोरडे घासून त्यांवर ७० टक्के मेथिलेटेड स्पिरिट फवारा, आणि घरून निघतानाही. मुळं कुजवणारी, बुरशीसारखी फायटोफ्थोरा चिखलातून पसरते आणि वाराटा तिला बळी पडते. चिखल घासल्याशिवाय नुसतं फवारलं तर उपयोग होत नाही.