पी. टी.चे सर आणि टिपरेरीचा हार्टी कप

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी शाळेविषयी लिहा, असं समितीने कळवलंय. माझ्यापुरती शाळा म्हणजे पी. टी.चे सर. बाकीच्या शिक्षकांनी रागावू नये. गणिताच्या बाईंमुळे मी पास झाले, मराठीच्या सरांमुळे चार ओळी लिहिता येतात, हे सगळं कबूल. पण त्यांच्यावर लिहायला वर्गातल्या हुशार मुली आहेत. मी १९९४च्या बॅचची, मुलींच्या खो-खो संघातली, आणि त्यातही बहुतेक वेळा राखीव.

राखीव मुलींना बसायची परवानगी नव्हती, हे माझ्या वेळच्या सगळ्याजणींना आठवत असेल. मैदानात नऊजणी खेळायच्या आणि आम्ही तिघी चुन्याच्या रेषेबाहेर उभ्या. ऊन असो, चिखल असो. "राखीव गडी बसला की संघ बसला," असं सर म्हणायचे. आम्ही मनातल्या मनात शिव्या द्यायचो. त्यात सरांच्या शिट्टीच्या दोरीला नेलकटर अडकवलेलं. सामन्याआधी "हात पुढे!" म्हणत ओळीने नखं तपासायचे आणि वाढलेली दिसली की नेलकटर पुढे करायचे. खो देताना कुणाच्या पाठीवर ओरखडा उठलेला त्यांना खपत नसे.

जिल्ह्याच्या सामन्यात मध्यंतराला आम्ही मागे होतो. सूर मारताना आमच्या सगळ्यात चपळ मुलीचं अंगठ्याचं नख मुळापासून अर्धं उचकटलं होतं. आता सर काहीतरी डावपेच सांगणार म्हणून आम्ही कोंडाळं करून उभ्या. सरांनी दोरीचं नेलकटर काढून माझ्या हातात दिलं. "पाण्याने धू, लोंबतंय तेवढंच काप, पट्टी बांध. घाई करू नको." माझे हात थरथरत होते. तीही ओरडायची थांबली आणि माझ्याकडे बघत बसली. पट्टी बांधून झाल्यावर सर म्हणाले, "तिचा हात तू बघितलास, आता तिच्या जागेवर तूच बस." अशी मी त्या सामन्यात उतरले. सामना हरलो. किती गुणांनी ते आता कुणालाच आठवत नाही, पण ती पट्टी मला लख्ख आठवते. पुढे मी नर्सिंगला गेले. त्याचं श्रेय घरातले मामांना देतात, देऊ देत.

गेली बरीच वर्षं मी आयर्लंडमध्ये आहे. टिपरेरी परगण्यात टेम्पलमोर नावाचं गाव आहे. वस्ती दोन हजारांच्या आसपास, मधून जाणारा ऐसपैस रुंद बाजाररस्ता, पोलीस प्रशिक्षणाचं राष्ट्रीय कॉलेज, आणि अवर लेडीज ही माध्यमिक शाळा. इथला जीव की प्राण खेळ म्हणजे हर्लिंग. मुलगा चालायला लागला की त्याच्या हातात हर्ली येते. हर्ली म्हणजे अ‍ॅश झाडाच्या लाकडाची, टोकाला पसरट होत गेलेली काठी. तिने स्लिटर, म्हणजे चामड्याचा लहानसा चेंडू, हवेतल्या हवेत मारायचा, झेलायचा, काठीवर तोलत पळायचं. हातात धरून चार पावलांपेक्षा जास्त जाता येत नाही. गोलपोस्ट इंग्रजी एचच्या आकाराचा. आडव्या दांड्याखालून गेला तर गोल, म्हणजे तीन गुण, वरून गेला तर एक. एका बाजूला पंधराजण. पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझ्यातली नर्स आधी जागी झाली. २०१० पासून सगळ्यांना हेल्मेट सक्तीचं आहे, तेव्हा कुठे जरा जीव भांड्यात पडतो.

या खेळाची संघटना १८८४ साली इथून पंधरा-वीस मिनिटांवरच्या थर्ल्स गावात, हेज हॉटेलात स्थापन झाली, आणि त्यात पुढाकार होता मायकेल क्यूसॅक या शिक्षकाचा. फोनवर सरांना हे सांगितलं तर म्हणाले, "मास्तरच असणार!" आणि मग पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली खो-खोची नियमावली कशी केली, ते सगळं मला पुन्हा ऐकवलं. पावसाळ्यात पी. टी.चा तास वर्गात व्हायचा तेव्हा जसं ऐकवायचे, अगदी तसंच.

२०१६-१७चा हंगाम मी आयुष्यात विसरणार नाही. सप्टेंबरात टिपरेरीने शेजारच्या किलकेनी परगण्याला हरवून सीनियरांचा देशाचा किताब जिंकला होता. त्याच दिवशी मुलांच्या, म्हणजे मायनर गटाचाही. त्या मायनर संघाचा कर्णधार ब्रायन मॅकग्रा आमच्या गावच्या शाळेत शिकत होता, त्यामुळे शाळेकडून भलत्याच अपेक्षा. मन्स्टर प्रांतातल्या शाळांचा चषक म्हणजे हार्टी कप. १९१८ पासून चालत आलेला, पण आमच्या गावाने तो १९७८ नंतर बघितलाच नव्हता. थंडीतले सामने, गुडघाभर चिखल, चार-साडेचारला अंधार. आणि ही पोरं जूनमधल्या लीव्हिंग सर्टच्या, म्हणजे त्यांच्या बारावीच्या, दडपणाखाली.

मुलीला आणायला गेले की मी मैदानाच्या कुंपणापाशी रेंगाळायचे. एकदा पावसाच्या भुरभुरीत एक शिक्षक गाडीची डिकी उघडून तिच्या कडेला बसले होते. मांडीवर एक हर्ली, तिच्या पसरट टोकाला पत्र्याची पट्टी ठोकलेली. जुनी चिकट पकड सोलून काढून ते नवी टेप गुंडाळत होते, प्रत्येक वळसा अंगठ्याने दाबत. समोर एक शिडशिडीत पोरगा पाय आपटत उभा. तो खेळणाऱ्या पंधरांतला नव्हता, हे मला मुलीने नंतर सांगितलं. मी तिथेच गाडीत बसून सरांना फोन लावला. आपल्याकडे रात्र झालेली. सरांनी "कोण?" असं तीनदा विचारलं, मग चांगले अर्धा तास बोलले.

फर्मॉयच्या सेंट कोलमन्सला हरवून पोरांनी हार्टी कप आणला. बाजाररस्त्यावर निळे झेंडे कधी लागले आणि कधी उतरले, ड्युटीच्या नादात मला कळलंही नाही. पुढे देशपातळीवरचा क्रोक कप. अंतिम सामना किलकेनीच्या सेंट कीरन्सशी. किलकेनीचा नामांकित हर्लिंगपटू हेन्री शेफलिन ज्या शाळेतून घडला ती शाळा. २०१४, २०१५, २०१६ असा ओळीने तीन वर्षं चषक तिच्याकडेच. चौथ्यांदाही नेणार, असं आमच्या वॉर्डातले म्हातारे खात्रीने सांगत होते. माझी ड्युटी होती. खिडकीजवळच्या एका आजोबांनी रेडिओ उशीखाली दडवून आवाज वाढवला आणि राउंडला आलेल्या डॉक्टरांना बोट दाखवून गप्प बसवलं. मी रक्तदाब मोजायला गेले तर म्हणाले, "आत्ता मोजू नकोस, उगाच जास्त येईल." टेम्पलमोर जिंकलं. आजोबांचे डोळे भरून आले. मी रक्तदाब दुसऱ्या दिवशीच मोजला.

घरी आल्या आल्या सरांना कळवलं. मला वाटलं, खूश होतील. त्यांनी विचारलं, "पंधरा खेळले. बाकीचे काय करत होते?"

म्हटलं, "काठ्या घेऊन रेषेबाहेर होते, सर."

"बसले होते?"

मी मुलीला विचारलं, तिने मैत्रिणीला विचारलं. शेवटची दहा मिनिटं कुणीच बसलं नव्हतं.

"मग ठीक आहे," एवढंच म्हणाले. मग हर्लीचं लाकूड कुठल्या झाडाचं ते परत विचारलं. ते झाड आता बुरशीच्या रोगाने झपाट्याने मरतंय, हे ऐकून बराच वेळ हळहळले.

गेल्या खेपेला गावी आले तेव्हा शाळेत गेले होते. नवी इमारत झकास आहे, संगणक कक्ष बघून छाती भरून आली. पण खो-खोच्या मैदानावर पेव्हर ब्लॉक बसवलेत, त्यावर शिक्षकांच्या दुचाक्या लागतात. खांबाची जागा कुठली ते शिपाईमामांनाही सांगता येईना. मुली म्हणे आता मॅटवर खेळतात, तालुक्याला जाऊन. मॅट चांगलीच, गुडघे वाचतात. तरी पार्किंग दुसरीकडे नेता आलं असतं की नाही? मला वाटतं आलं असतं.

समितीला वेगळं पत्र पाठवलंच आहे, पण इथेही लिहिते म्हणजे विसरलं जाणार नाही. पाठीमागच्या पडीक जागेत पोयटा टाकून एक मैदान होऊ शकतं. पोयट्याचे, दोन खांबांचे आणि बारा मुलींच्या गणवेशाचे पैसे मी पाठवते. फलकावर देणगीदार म्हणून माझं नाव नको, सरांचं घाला. सर नाही म्हणतील, तिकडे लक्ष देऊ नका. आणि मुलींना नऊ नाही, बाराही जोडी बूट घ्या.