कलेक्टर करंट जागेवर राहीना, माझा अनुभव

एका ट्रान्झिस्टरचा साधा माइक अ‍ॅम्प्लिफायर करायचा होता. ब्रेडबोर्ड, सप्लाय, कपॅसिटर सगळं पटापट झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. डोकं खाल्लं ते बायसिंगने (म्हणजे आवाज नसताना ट्रान्झिस्टरमधून किती करंट वाहायचा ते ठरवणं), आणि त्याहून जास्त हातात असलेल्या लॅब शीटने. फिक्स्ड बायसचं, म्हणजे सप्लायपासून बेसला एकच रेझिस्टर असलेलं सर्किट आणि खाली एकच ओळ, "बीटा ३०० धरा". बीटा म्हणजे बेसच्या पायात जाणाऱ्या करंटच्या किती पट करंट कलेक्टरच्या पायातून वाहतो तो आकडा.

आता हे गणित बघा. सप्लाय १२ व्होल्ट, कलेक्टरला १ के (किलोओहम) रेझिस्टर, बेसला ५६० के. १२ मधून ०.७ वजा करून ५६० केने भागलं की बेस करंट साधारण २० मायक्रोअँप, त्याला ३०० ने गुणलं की कलेक्टर करंट ६ मिलिअँप, म्हणजे कलेक्टरवर ६ व्होल्ट, बरोब्बर मध्यावर. बीसी ५४७ ट्रान्झिस्टर लावला तर मीटर साडेतीन दाखवतोय! जोडण्या तपासल्या, रेझिस्टर काढून मोजले, सगळं ठीक. मग त्याच पाकिटातला दुसरा लावला तर आठच्या आसपास. म्हणजे एकात साडेआठ मिलिअँप, दुसऱ्यात चार, आणि बाकी सर्किटला हातही लावलेला नाही. साडेतीनवाल्यात जरा मोठा आवाज आला की वेव्हची खालची बाजू सपाट. वर ट्रान्झिस्टर नुसता दोन बोटांत धरला तरी व्होल्टेज हळूहळू खाली सरकायचं, कारण गरम झाला की बीटा वाढतो.

डेटाशीट उघडली तर सरळ लिहिलंय, बीसी ५४७ च्या नुसत्या बी ग्रुपचाच बीटा २०० ते ४५०, आणि ए, बी, सी तिन्ही धरले तर ११० ते ८००. आठशेचा निघाला तर १६ मिलिअँप मागणार, या सर्किटमध्ये १२ च्या वर जाऊच शकत नाही, म्हणजे थेट सॅच्युरेशन, ट्रान्झिस्टर पूर्ण चालू होऊन अडकलेला. एवढी मोठी गोष्ट शीटमध्ये एका ओळीने का सांगू नये, याचा राग मला अजून येतो. शिकणारा माणूस बिचारा स्वतःच्या जोडण्याच तपासत बसतो.

शेवटी बेसला ४७ के आणि १० केचा डिव्हायडर (सप्लाय ते ग्राउंड दोन रेझिस्टर, मधल्या जोडावर बेस), एमिटरला १ के, कलेक्टरला ३.९ के. बेसवर २.१, एमिटरवर १.४ च्या जरा खाली, करंट १.४ मिलिअँपच्या आतबाहेर. करंट वाढायला लागला की एमिटरचं व्होल्टेज वर जातं, बेस-एमिटरमधलं कमी होतं आणि करंट आपोआप मागे ओढला जातो. मग पाकिटातले ट्रान्झिस्टर बदलून बदलून लावले, मीटरचा आकडा जेमतेम हलला, काय बरं वाटलं म्हणून सांगू!

डिव्हायडरमधून बेस करंटच्या निदान दहापट करंट वाहू द्या, नाहीतर परत बीटाची लुडबुड सुरू. करंट मोजायला सर्किट तोडू नका, एमिटर रेझिस्टरवरचं व्होल्टेज भागिले त्याचे ओहम, झालं. अरे हो, पाय बघून घ्या आधी, सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले की बीसी ५४७ चे डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर, पण टू एन ३९०४ या दुसऱ्या ट्रान्झिस्टरचे बरोबर उलटे, आणि उलटा लावला तरी थोडाफार चालतो म्हणून लवकर कळत नाही. आणि एमिटर रेझिस्टरमुळे गेन, म्हणजे सिग्नल किती पट मोठा होतो ते, चारच्या आत येतो, त्याला समांतर मोठा कपॅसिटर टाकला की परत दीडदोनशेवर जातो, बायस तसाच राहतो.