बाहेरून वाडा, आत बाथटब

सरकारी गेस्टहाऊस म्हटलं की आपल्याला सह्याद्री नाहीतर एखादं जिल्ह्याचं सर्किट हाऊस आठवतं. माझं मात्र तुर्कस्तानातल्या अंकारा पालासवर जरा जास्तच प्रेम आहे.

1923 मध्ये अंकारा राजधानी झाली आणि लगेच त्याच महिन्यात, ऑक्टोबरात, देश प्रजासत्ताकही झाला. इस्तंबूलपुढे हे गाव म्हणजे काहीच नाही, परदेशी राजदूत आणि पाहुणे यायचे तर त्यांना उतरवायचं कुठे हाच प्रश्न, मग उलुस भागात संसदेच्या अगदी समोर हे हॉटेल बांधायला घेतलं. सुरुवात आर्किटेक्ट वेदात तेक यांनी केली, ते मध्येच बाजूला झाले आणि काम मिमार केमालेद्दीन यांच्याकडे आलं. एक पॅरिसला शिकलेले, दुसरे बर्लिनला, आणि दोघांनी काढलं काय, तर टोकदार कमानी, बाहेर झेपावलेल्या रुंद वळचणी, टाइल्सची नक्षी, दारावर घुमट! म्हणजे ज्या सुलतानांना नुकतंच घरी पाठवलं त्यांच्याच काळातला थाट. आत गेलात की सेंट्रल हीटिंग, प्रेशरचं पाणी, बाथटब, कमोड, विजेसाठी स्वतःचा जनरेटर आणि मधोमध बॉलरूम, जिथे प्रजासत्ताक दिनाला बायका-पुरुष जोडीने नाचायचे. बाहेरून वाडा आणि आत टॉवरमधला फ्लॅट, असा सगळा कारभार.

अभ्यासक याला गोंधळ म्हणतात. असेल. पण पाहुण्यांना तोंड आजोबांचं दाखवायचं आणि नळाला गरम पाणी मात्र नातवाचं, हा गोंधळ मला प्रामाणिक वाटतो. चार-पाच वर्षांच्या देशाला आपण कोण ते एवढ्यात कसं ठरवता येणार? शिवाय नंतर जर्मन-ऑस्ट्रियन आर्किटेक्ट आले आणि अंकाऱ्यात सपाट, चौकोनी सरकारी इमारती उभ्या राहिल्या, त्या नीटनेटक्या आहेत, नाही असं नाही, पण त्यांच्यापुढे थांबून बघत राहावं असं मला तरी वाटत नाही.

हॉटेल 1928 मध्ये उघडलं. केमालेद्दीन त्याच्या आदल्याच वर्षी गेले. आता 20 लिराच्या नोटेवर त्यांचा चेहरा आहे, शेजारी त्यांचीच एक इमारत पण आहे, पण ती गाझी युनिव्हर्सिटीची. मला विचारलं असतं तर मी पालास छापला असता, बाथटबसकट.