लांब भिंतीचे मुक्काम

कोरी भिंत आखूड असली की तिला निवांत म्हणतात. तीच १८ फूट लांब झाली की लोक तिला रिकामी म्हणू लागतात. दोष कोरेपणाचा नसतो. नजर एका टोकाला भिंतीवर चढते आणि कुठेही न थबकता दुसऱ्या टोकाला घरंगळते, त्याचा हा कंटाळा. म्हणून लांब भिंत भरायची नसते, तिच्यावर नजरेचे मुक्काम ठरवायचे असतात. दोन पुरतात, फार तर तीन.

सगळ्यात हमखास चूक म्हणजे सहा सारख्या फ्रेमा, सारख्या अंतरावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आगगाडीचे डबे जोडल्यासारखं होतं आणि भिंत होती त्याहून लांब दिसते. आडव्या पट्ट्यांचा रंगही तेच करतो. याच्या उलट, ऐन मध्यावर एकच लहानसं चित्र लावलं तर मोठ्या लिफाफ्यावर तिकीट चुकीच्या जागी चिकटवल्यासारखं दिसतं. लांबी तोडायला उभी रेघ लागते, आणि ती मध्यावर नको. भिंत ५४० सेंटिमीटर असेल तर २१६ आणि ३२४ असे दोन आणि तीनच्या प्रमाणातले भाग पाडावेत.

ही रेघ रंगाने काढणं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात फसवं. कोपऱ्यापासून वर २१६ आणि खाली २१६ मोजून रेघ मारली की कोपरा जितका कललेला तितकीच रेघ कलते, आणि बहुतेक कोपरे कललेलेच असतात. वरची खूण मोजून घ्यावी आणि तिथून ओळंबा, म्हणजे दोरीला बांधलेलं वजन, सोडावा. मात्र रेघ दाराच्या चौकटीला खेटून नको, निदान फूटभर लांब हवी. नाहीतर सरळ रेघेशेजारी चौकटीचा तिरकेपणा उघडा पडतो आणि बोल रेघेलाच बसतो.

मग मास्किंग टेप. टेपच्या कडेखालून नवा रंग झिरपतो, कारण भिंत हाताला गुळगुळीत लागली तरी तिला बारीक खळगे असतात. त्यावर उपाय म्हणजे टेप लावल्यावर तिच्या कडेवरून आधी भिंतीचाच जुना रंग फिरवायचा. झिरपायचा तो हाच झिरपतो, खळगे बुजतात आणि दिसत काहीच नाही. तो वाळला की नव्या रंगाचे दोन हात द्यायचे आणि दुसरा हात ओलसर असतानाच टेप तिरकी ओढून काढायची. पूर्ण वाळू दिला तर रंगाची साय टेपबरोबर फाटते. ज्या रंगावर टेप लावायची तो ताजा असेल तर दोनेक आठवडे थांबावं. आणि भिंतीला ओल किंवा लोणा (ओलीने वर फुटणारा पांढरा क्षार) असेल तर सजावटीचा विषय तिथेच थांबवून आधी ओलीचं कारण शोधावं.

रंगाऐवजी भिंतीवर बसवायच्या उठावाच्या पट्ट्यांच्या चौकटी करायच्या असतील तर हिशेब कागदावर आधी. पाच चौकटी म्हणजे दोन्ही टोकं धरून सहा फटी. प्रत्येक १० सेंटिमीटरची धरली तर ५४० मधून ६० गेले, उरले ४८०. सरळ पाचाने भागून ९६ च्या चौकटी केल्या की पुन्हा आगगाडी! त्यापेक्षा १२०, ६०, १२०, ६०, १२० अशी रुंद-अरुंद चाल धरावी; बेरीज तीच, पण नजर अडखळते. स्विचबोर्ड याच कागदावर दाखवावेत, म्हणजे पट्टी नेमकी बटणांवर येत नाही. पट्टीचा आणि भिंतीचा रंग एकच ठेवावा. काम सावलीने करायचं असतं, रंगाने नाही.

२१६ च्या भागावर चित्रांचा समूह करताना फ्रेमांमध्ये ५ ते ८ सेंटिमीटर अंतर पुरे. त्याहून फाकल्या की समूह मोडतो. सगळ्या समूहाचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंटिमीटरवर. खाली सोफा असेल तर हा नियम सोडून सोफ्याच्या पाठीपासून १५ ते २० सेंटिमीटर वर सुरुवात करावी. फ्रेमांच्या मापाचे कागद कापून दोन दिवस भिंतीवर डकवून ठेवावेत. मागची दोरी वजनाने ताणली जाते, म्हणून ती बोटाने वर ओढून फ्रेमच्या वरच्या कडेपासून किती खाली येते ते मोजावं आणि कागदावर तिथेच खूण करावी. भोक कागदावरूनच पाडता येतं.

आतलं प्लास्टर साधारण १२ ते १५ मिलिमीटर जाड असतं. प्लग, म्हणजे भोकात स्क्रू धरून ठेवणारी नळी, तेवढ्यातच अडकला तर जड फ्रेम प्लास्टरच्या खपलीसकट खाली येते. ६ मिलिमीटरचा प्लग विटेत शिरेल इतकं खोल भोक हवं. स्विचबोर्डच्या बरोबर वर किंवा खाली ड्रिल लावू नये, वायर बहुधा तिथूनच गेलेली असते.

दिवा भिंतीला चिकटून लावला तर पुट्टीची प्रत्येक लाट उठून दिसते. छत ९ फूट असेल तर तो भिंतीपासून अडीच-तीन फूट आत घ्यावा. उजेड समूहावर पडू द्यावा. उरलेल्या ३२४ सेंटिमीटरवर काहीही लावू नये. चार दिवसांत तिथे घड्याळ लावायची हुक्की येईल. घड्याळ समोरच्या भिंतीवर.