दोन पेपर, एकच गुणवत्ता यादी

देशाचं नाव इथे मुद्दाम घेत नाही. सरकार नुकतंच उलथलं होतं, मंत्री कधी बदलेल याचा नेम नव्हता, आणि विद्यापीठातली जागा वशिल्याने किंवा पाकीट देऊन मिळते हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. अशा वेळी सगळ्यांसाठी एकच प्रवेश परीक्षा उभी करायची ठरली. प्रश्नपेढी आणि गुणांचं गणित माझ्या वाट्याला आलं.

डोळ्यांसमोर नमुना होता जॉर्जिया या देशाचा. २००३ च्या गुलाब क्रांतीनंतर, म्हणजे रक्त न सांडता झालेल्या सत्तांतरानंतर, तिथे २००५ मध्ये पहिली सामाईक परीक्षा झाली. पेपर ब्रिटनमध्ये छापले, बँकेच्या तिजोरीत ठेवले, वर्गातलं कॅमेऱ्याचं चित्र बाहेर थांबलेल्या पालकांना दाखवलं. ही कुलूपकिल्ली आम्ही बऱ्यापैकी जशीच्या तशी उचलली. पेपर फुटू न देण्यासाठी पैसा आणि खमके लोक लागतात. ते मिळाले की काम होतं.

प्रश्नांचं तसं नाही. पूर्वचाचणीत एक गणित होतं: लिफ्ट तळघराच्या दुसऱ्या मजल्यावरून निघते, इतके मजले वर जाते, मग खाली येते, तर शेवटी कुठे थांबते? ऋण संख्यांची साधी बेरीज. एका ज्येष्ठ प्राध्यापकांना तो प्रश्न फार आवडला होता. "लिफ्ट कुणाला माहीत नाही?" असं ते म्हणाले. आम्ही एकूण गुण सारखे असलेली मुलं घेतली, त्यांचे शहरी आणि ग्रामीण असे गट केले आणि फक्त या प्रश्नावर कोण अडतंय ते पाहिलं. खेड्यातली मुलं अडत होती. तीच बेरीज तापमानाच्या रूपात विचारली तर दोन्ही गट सारखे! या तपासणीला मँटेल-हेन्झेल पद्धत म्हणतात. १९५९ साली ती निघाली रोगांच्या अभ्यासासाठी. परीक्षांच्या लोकांनी नंतर उसनी घेतली. लिफ्ट गेली. प्राध्यापक काही दिवस आमच्याशी बोलत नव्हते.

परीक्षेच्या आदल्या रात्री एका प्रांतात संचारबंदी लागली. तिथली परीक्षा पुढे ढकलली, म्हणजे तिथे दुसरा पेपर आला. युक्रेनने २०२२ मध्ये तर युद्ध चालू असताना संगणकावर परीक्षा घेतली; भोंगा वाजला की मुलांना आश्रयस्थळी हलवायचं. एकच वेळ, एकच पेपर ही चैन अशा देशांना परवडत नाही. दुसऱ्या पेपरची तयारी आम्ही ठेवली होती. तरी प्रश्न उरलाच: दोन पेपरांचे गुण एका यादीत बसवायचे कसे?

वरून फर्मान आलं, पर्सेंटाइल लावा, म्हणजे आपल्या गटातल्या किती टक्के मुलांच्या पुढे आहे ते बघा, आणि मोकळे व्हा. ऐकायला सोपं आहे. पण पर्सेंटाइल तेव्हाच न्याय्य, जेव्हा दोन्ही गटांत मुलं चिठ्ठ्या टाकून वाटल्यासारखी पडलेली असतात. इथे एका गटाच्या शाळा कित्येक आठवडे बंद होत्या. दोन्हीकडच्या वरच्या दहा टक्क्यांना डोळे झाकून सारखं मानणं म्हणजे मुलांमध्ये खरंच फरक आहे की नाही, हे न पाहताच फरक नाही असं ठरवून टाकणं.

आमचा उपाय अँकर प्रश्नांचा. ६० प्रश्नांच्या दोन्ही पेपरांत १५ प्रश्न तेच, जवळपास त्याच जागी. समजण्यापुरते आकडे घेऊ. पहिल्या गटाची सरासरी ३४, दुसऱ्याची ३१. पण सामाईक १५ प्रश्नांत दोघांचीही सरासरी ९. म्हणजे मुलं साधारण तोडीस तोड. तीन गुणांचा फरक दुसरा पेपर जड गेल्याचा. तो भरून काढायचा, त्यालाच इक्वेटिंग म्हणतात. अँकरमध्येच फरक दिसला असता, तर तेवढा फरक मुलांचा धरावा लागला असता.

हे सामाईक प्रश्न बाहेर फुटू नयेत म्हणून प्रश्नपत्रिका परत घ्याव्या लागल्या, आणि त्यावरून रान पेटलं. "लपवायचं काय आहे?" हा सवाल चुकीचा नव्हता. मुलांनी प्रश्न पाठ करून बाहेर सांगितलेच. दुसऱ्या गटात दोन अँकर प्रश्न अचानक भलतेच सोपे झालेले दिसले, बाकीचे तेरा जागच्या जागी. ते दोन तुलनेतून काढले आणि तसं जाहीर केलं. नावं काढून सगळी उत्तरं लोकांसाठी खुली केली, प्रत्येकाला त्याच्या ओएमआरची, म्हणजे गोल काळे करायच्या उत्तरपत्रिकेची, प्रत दिली. आमच्यावर सर्वांत जास्त तुटून पडलेल्या एका गणित शिक्षकांनी ती उत्तरं घेऊन स्वतः हिशेब केला. त्यांचे आकडे आमच्याशी जुळले. तरी पद्धत त्यांना आजही पटलेली नाही, आणि ते बोलून दाखवतात.

शेवटची खडाजंगी सवलतीवरून झाली. त्या प्रांताला सरसकट वाढीव गुण द्या, असा आग्रह होता. बंद शाळांचा फटका खरा होता, तो नाकारायचा नव्हता. पण गुणांत हात घातला की पुढच्या वर्षी प्रत्येक प्रांत रांगेत उभा राहणार. इथेही जॉर्जिया कामी आला. २०१० पासून तिथे आर्मेनियन आणि अझेरी भाषक मुलं आपल्या भाषेत सामान्य क्षमता चाचणी देऊन प्रवेश घेतात आणि आधी एक वर्ष जॉर्जियन शिकतात. गुण तसेच ठेवायचे, दार वेगळं उघडायचं. आम्ही त्या प्रांतासाठी वेगळ्या जागा आणि एक तयारीचं वर्ष सुचवलं. बरीच घासाघीस होऊन जागा मिळाल्या, आम्ही मागितल्या त्याहून कमी. तयारीच्या वर्षाला मात्र पैसे नाहीत म्हणून सांगितलं. ती फाइल अजून फिरतेय.