आमची वाटचाल : लडाखच्या चढणीसाठी कार्बोरेटर

पुण्यात आमचं गॅरेज सुरू झालं ते रोजच्या सर्व्हिसिंगवर. पुढे लडाखला निघालेल्या बुलेट येऊ लागल्या आणि ते काम वाढत गेलं. एक नियम पहिल्यापासून पाळला : पुण्यातच कार्बोरेटरचं मिक्स्चर, म्हणजे हवा-पेट्रोलचं मिश्रण, बारीक (पेट्रोल कमी) करून गाडी द्यायची नाही. पुणे साधारण 560 मीटरवर, लेह 3,500 वर, लडाखची खारदुंग ला खिंड 5,359 वर. वरच्या हवेचं सेटिंग घेऊन मे महिन्यात राजस्थानातून गाडी हाणली तर इंजिन तापतं, पिस्टन जाम होतो. सेटिंग वर गेल्यावरच करायचं, म्हणून ते ग्राहकाला शिकवणं हाच आमच्या धंद्याचा मोठा भाग झाला.

खारदुंग लावर हवेची घनता समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांहूनही थोडी कमी असते. पेट्रोल मात्र त्या प्रमाणात घटत नाही, त्यामुळे मिक्स्चर पंचवीस-तीस टक्के जाड होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त. स्लोला गाडी बंद पडते, रेस दिली की घुसमटते, प्लगवर कोरडी काजळी धरते.

सुरुवात कार्बोरेटरच्या मिक्स्चर स्क्रूपासून. तो आधी हलक्या हाताने पूर्ण आत घ्या, किती फेरे गेले ते लिहून ठेवा, मग तेवढेच फेरे बाहेर काढून मूळ जागी आणा. जोर लावलात तर टोकाची बैठक खराब होते. आता सगळ्यात जास्त घोळ होतो ती जागा : स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा, बाहेर काढला की मिक्स्चर बारीक होतं. इंजिनच्या बाजूला असेल तर पेट्रोलचा, तिथे आत घ्यायचा. मूळ जागेपासून पाव-पाव फेरा फिरवा, इंजिन गरम असताना, आणि शेवटी स्लो पुन्हा जुळवा.

पाव ते पाऊण रेसमध्ये घुसमट उरली तर नीडलची, म्हणजे कार्बोरेटरमधल्या पेट्रोल रोखणाऱ्या सुईची, क्लिप एक खाच वर सरकवा. नीडल खाली बसते, पेट्रोल कमी होतं. काही नीडलला एकच खाच असते, तिथे हा उपाय नाही. पूर्ण रेसमध्ये काळा धूर येत असेल तर मेन जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी भोकाची पितळी नळी, एक नंबर लहान, फार तर दोन. एवढं करूनही ताकद कमीच राहणार, कारण सिलिंडरमध्ये हवाच कमी जाते. त्यासाठी एअर फिल्टर काढून टाकू नका. मनाली-लेह वाटेवरच्या मोरे मैदानाची धूळ बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, खाते.

2020 पासून बीएस-6 हे प्रदूषणाचे नियम आले, नव्या गाड्या कार्बोरेटरऐवजी इंजेक्शनच्या झाल्या, हे काम घटलं. पण जुन्या बुलेट अजून जातात, आणि त्यांच्यासाठी आम्ही एक पाकीट बांधून देतो : दोन लहान मेन जेट, जादा क्लिप, फ्लोट बाउलचं (कार्बोरेटरच्या पेट्रोलच्या वाटीचं) गॅस्केट, दोन प्लग, आखूड पेचकस. पाकिटावर त्या गाडीचे मूळ फेरे, क्लिपची खाच आणि जेटचा नंबर लिहिलेला असतो. मनालीला उतरलात की खालच्या सपाट मुलखाकडे निघण्याआधी सगळं त्या आकड्यांवर परत आणायचं, जेट सगळ्यात आधी.