गोळी मात्रेवर का सुटते?

“गाणाऱ्या आईची मुलगी तू, आणि गोळीबाराचा खेळ कशाला करत बसली आहेस?” मी एक व्हिडिओ गेम बनवते आहे, ज्यात यानातून सुटणारी प्रत्येक गोळी सूर होऊन ठेक्यावर लागते. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या ओळखीच्या काकू हा प्रश्न गणपतीच्या आरतीनंतर विचारतात, आईच्या विद्यार्थिनी क्लास संपल्यावर जिन्यात थांबून विचारतात, आणि आता तुम्हीही विचारलात. खेळून पाहिलेली तरुण मुले तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत मांडतात: बटण दाबल्याबरोबर गोळी का लागत नाही, ती ठेक्याची वाट का पाहते? मला या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच वाटते, म्हणून ते एकदा सविस्तर लिहिते.

खेळाची रचना आधी सांगते. हातातल्या कंट्रोलरवर दोन काठ्या असतात. डाव्या अंगठ्याखालची काठी पडद्यावरच्या यानाला फिरवते आणि उजव्या अंगठ्याखालची काठी ज्या दिशेला झुकेल त्या दिशेला, बोटाखालचा चाप दाबला की, मारा होतो. दोन काठ्यांची ही पद्धत रूढ केली ती 1982 सालच्या ‘रोबोट्रॉन: 2084’ या खेळाने. त्याचे एक कर्ते यूजीन जार्विस यांचा उजवा हात मोटार अपघातात दुखावला होता, तो प्लास्टरमध्ये असल्याने त्यांना बटण दाबता येत नव्हते, आणि त्या अडचणीतूनच फिरण्यासाठी एक व मारण्यासाठी दुसरी अशी दोन काठ्यांची कल्पना पुढे आली. मला ही पद्धत पहिल्यांदा हातात घेतली तेव्हापासून तबल्याची आठवण होते, कारण येथेही दोन हात दोन निराळी कामे करतात आणि तरी त्यांतून एकच बोल निघावा लागतो.

माझ्या खेळात पार्श्वसंगीत नाही. यान नुसते उभे ठेवले तर तंबोऱ्यासारखी एक अखंड आस आणि सोळा मात्रांच्या तीनतालाचा साधा ठेका एवढेच ऐकू येते. बाकीचे सगळे संगीत खेळणाऱ्याने वाजवायचे असते, आणि ते वाजवण्याचे साधन म्हणजे त्याची शस्त्रे. अशा खेळात मनुष्य एका डावात शेकडो वेळा मारा करतो. लहानपणी आतेभावांबरोबर टीव्हीला जोडून खेळायचे ते खेळ खेळताना मला जाणवायचे, की प्रत्येक गोळीचा आवाज तोच, तितकाच आणि तसाच असतो, आणि अंगठा दमण्याच्या कितीतरी आधी कान कंटाळतो. त्याच वेळी आतल्या खोलीत आई एकच पलटा शंभर वेळा घोकत असायची आणि तो मात्र कधी कंटाळवाणा वाटायचा नाही. एखादी क्रिया इतक्या वेळा करायची असेल तर तिला वाद्य वाजवण्याचा दर्जा मिळायला हवा, हे मला तेव्हा शब्दांत सांगता आले नसते, पण खेळ करायला घेतला तो याच ओढीने. बंदूक मला प्रिय नाही. तो आघात मला हवा होता, ज्याची वेळ, दिशा आणि जोर खेळणारा स्वतः ठरवतो.

शस्त्रांसाठी ध्वनिमुद्रित आवाज न वापरता प्रत्येक शस्त्र म्हणजे एक लहानसा सिंथेसायझर, म्हणजे विजेवर आवाज घडवणारे वाद्य, ठेवला, यामागे कारण आहे. ध्वनिमुद्रित आवाज एकदा ठरला की ठरला. सिंथेसायझरमध्ये आवाज त्या क्षणी घडतो. करवतीच्या दात्यांसारख्या लहरीत मूळ स्वराचे सगळे उपस्वर, म्हणजे त्याच्या दुप्पट, तिप्पट अशा पटींत त्याच्याबरोबर उमटणारे वरचे स्वर, असतात, म्हणून त्या लहरीचे शस्त्र रुंद पसरणारा मारा करते. चौकोनी लहरीत फक्त विषम क्रमांकाचे उपस्वर असतात आणि तिचा आवाज पोकळ येतो. त्या शस्त्राची गोळी एक स्थान सोडून पुढच्या स्थानावर आदळते. शुद्ध ज्या-लहरीत (साइन वेव्ह) मूळ स्वराखेरीज काहीच नसते, म्हणून तिचा मारा एका बारीक सरळ रेषेत जातो. बोटाखालचा चाप हळूहळू दाबला की फिल्टर, म्हणजे उंच उपस्वर अडवणारी चाळणी, उघडत जातो, आवाज उजळतो आणि माऱ्याचा पंखाही त्याच प्रमाणात उघडतो. सूर किती वेळात उमटतो, किती वेगाने ओसरतो, कोठे स्थिरावतो आणि बोट उचलल्यावर किती रेंगाळतो, या चार गोष्टींवरून शस्त्राचा स्वभाव ठरतो. चटकन उमटून ओसरणारे शस्त्र सतारीच्या नखीसारखे वागते, सावकाश उमटणारे सारंगीच्या गजासारखे. डोळे मिटून खेळणाऱ्यालाही आपल्या हातात कोणते शस्त्र आहे ते कळावे, अशी माझी अट होती.

सूर निवडताना मी चुकले, आणि ती चूक आईने काढली. कोणी कशीही काठी फिरवली तरी बेसूर होऊ नये म्हणून मी सा, रे, ग, प, ध एवढेच पाच शुद्ध स्वर ठेवले आणि खेळाच्या या पातळीला भूप रागाचे नाव देऊ लागले. आई दहा मिनिटे शेजारी बसून ऐकत राहिली आणि म्हणाली, “पाच सूर ठेवलेस म्हणून भूप होत नाही. हेच पाच सूर देशकार रागातही आहेत.” ते अगदी खरे होते. भूपात वादी, म्हणजे मुख्य स्वर, गंधार (ग) आणि चलन, म्हणजे स्वरांची चाल, पूर्वांगात, सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात; देशकारात वादी धैवत (ध) आणि चलन उत्तरांगात, वरच्या अर्ध्यात. एक रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, दुसरा सकाळचा. माझ्या खेळात पडद्याच्या वरच्या बाजूला नेम धरला की उंच स्वर लागतो, त्यामुळे शत्रू वरून आले की खेळणारा नकळत धैवतावर मुक्काम करायचा आणि भूप हातातून निसटायचा. वरून येणारे शत्रू कमी करणे हा सोपा मार्ग होता, पण तो मला पटला नाही. आता प्रत्येक शस्त्र आधीचा स्वर लक्षात ठेवते आणि पुढचा स्वर चलनाला धरून घेते. गंधारावर न्यास केल्यास, म्हणजे येऊन थांबल्यास, मारा अधिक परिणामकारक होतो. आणि खेळणारा वरच्या अंगातच रमला, धैवत पुन्हा पुन्हा मोठा करू लागला, तर पडद्यावरचे रात्रीचे आकाश हळूहळू फटफटते आणि पातळी देशकाराची होते. सगळ्या खेळात मला सर्वांत जास्त समाधान देणारी जागा हीच आहे.

आईची दुसरी तक्रार गंधाराची होती. मी स्वर पाश्चात्त्य समान विभागणीप्रमाणे, म्हणजे सप्तकाचे बारा सारखे भाग करून, बसवले होते, जसे ते पेटीत असतात. काळी एकचा, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा, षड्ज सुमारे 277 हर्ट्झचा. त्याच्याशी पाचास चार या नात्याने जुळणारा गंधार 346.5 हर्ट्झवर येतो, पण समान विभागणीत तो 349.2 वर जातो, म्हणजे सुमारे 14 सेंट चढा (शंभर सेंट म्हणजे पेटीवरच्या दोन शेजारच्या पट्ट्यांमधले अंतर). तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून पाचवा उपस्वर म्हणून आपोआप उमटणारा जो गंधार असतो तो पहिला. त्या शेजारी दुसरा लावला की दोन्ही एकमेकांवर घासतात. पेटीवर याला इलाज नाही, कारण तिच्या पट्ट्या एकदा लागल्या की लागल्या. सिंथेसायझरला मात्र स्वर म्हणजे केवळ एक संख्या, ती हवी तशी लिहिता येते. मी एका संध्याकाळी सगळ्या संख्या बदलल्या, आणि गोळीचा आवाज तंबोऱ्यात विरघळताना ऐकला तेव्हा आई काही न बोलता पुन्हा खेळू लागली.

आता वेळेचा प्रश्न. ठेका मिनिटाला 120 मात्रांचा आहे, म्हणजे तीनतालाचे एक आवर्तन बरोबर 8 सेकंदांचे. मात्रेचे चार भाग केले की एक भाग 125 मिलिसेकंदांचा होतो. खेळणाऱ्याने चाप कधीही दाबला तरी सूर पुढच्या भागावरच लागतो, म्हणजे जास्तीत जास्त तेवढा काळ थांबावे लागते. जपानी खेळ-रचनाकार तेत्सुया मिझुगुची यांच्या 2001 सालच्या ‘रेझ’ या खेळात माऱ्याचे आवाज असेच ठेक्यावर आणून बसवले होते, त्यामुळे कल्पना माझी नव्हे. माझी अडचण अशी की पडद्यावर साठ चित्रे सेकंदाला उमटतात, एक चित्र जेमतेम 17 मिलिसेकंदांचे, आणि डोळ्याला 125 मिलिसेकंदांची वाट हा यंत्राचा दोष वाटतो. पहिल्यांदा खेळणारे सगळे हेच म्हणाले. कित्येक रात्री या एका गोष्टीत गेल्या.

उत्तर मिळाले ते गरब्यात. बडोद्यात नवरात्रात हजारो माणसे एका रिंगणात हींच या गरब्याच्या तालावर खेळत असतात, आणि कोणाची टाळी चुकली तर तो घाईने उशिराची टाळी वाजवत नाही. हात उचललेला ठेवतो, पाऊल पुढे टाकतो आणि पुढच्या टाळीला सगळ्यांबरोबर मिळतो. हात मात्र आधीच उचललेला असतो, हे मी त्या वर्षी पहिल्यांदा नीट पाहिले. तेव्हापासून माझ्या खेळात चाप दाबताक्षणी यानाच्या टोकाशी प्रकाश जमा होतो आणि अगदी मंद श्वासासारखा आवाज येतो, डोळ्याला आणि अंगठ्याला उत्तर लगेच मिळते, पण सूर आणि आघात मात्रेवरच होतात. तक्रारी जवळजवळ थांबल्या. मोठ्या शत्रूचे कवच फुटते ते तिहाईनेच, म्हणजे एकच बोलसमूह तीनदा वाजवून, आणि तिहाईचा शेवटचा धा समेवर, आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, पडला तरच. येथे मी कोणतीही सवलत ठेवलेली नाही आणि ठेवणारही नाही.

सिंथेसायझर आपला नव्हे, असे काही जण म्हणतात. येथून शंभरेक किलोमीटरवर, अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी 1969 साली मूग सिंथेसायझर आणून स्टुडिओ उभारून दिला आणि गीता साराभाई, अतुल देसाई यांच्यासारख्या संगीतकारांनी त्यावर काम केले. 1982 साली वादक चरणजित सिंग यांनी रोलँड कंपनीचे टीबी-303 हे सिंथेसायझर आणि टीआर-808 हे ठेका वाजवणारे यंत्र घेऊन दहा राग मुद्रित केले. आणि ज्या बडोद्यात गायक मौलाबक्षांनी 1886 साली संगीताची शाळा काढली, स्वरलिपीत चिजा छापून त्या मुलांच्या हाती दिल्या, तेथे नव्या साधनाला परके म्हणणे मला तरी जमत नाही.

सध्या खेळाचा षड्ज काळी एकवर बांधलेला आहे. पुढच्या आवृत्तीत तो खेळणाऱ्याला निवडता येईल. आईने तिच्यासाठी काळी पाच मागितली आहे, आणि काकूंना खेळायला बसवायचे झाले तर त्यांचा सूर आधी विचारून घ्यावा लागेल.